भिंतीचा मोह

१९७५ साली ह्यू लॅम्प्री हे ब्रिटिश परिसरशास्त्रज्ञ विमानातून सुदानवर हिंडले. वाळवंटाची कड कुठवर आली आहे, हे त्यांना पाहायचं होतं. तुलनेला १९५८ सालचा नकाशा होता. त्या नकाशातली रेघ आणि वरून दिसलेली कड यांत नव्वद-शंभर किलोमीटरचं अंतर निघालं. मधल्या सतरा वर्षांनी भागलं आणि उत्तर आलं: सहारा वर्षाला साडेपाच किलोमीटर या वेगाने दक्षिणेकडे सरकतोय.

हा आकडा पुढे बराच काळ भाषणांतून आणि अहवालांतून फिरत राहिला. आकडाच तसा होता, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाळूची लाट उभी करणारा. अडचण एवढीच की दोन कडा दोन वेगळ्या रीतींनी ठरवलेल्या होत्या, आणि दुसरी पाहणी झाली ती साहेलमधल्या, म्हणजे सहाराच्या दक्षिणेला लागून असलेल्या निमकोरड्या पट्ट्यातल्या, भयंकर दुष्काळाच्या पाठोपाठ. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या अभ्यासकांनी पुढे उपग्रहचित्रं घेऊन सुदानचा तोच भाग तपासला, तेव्हा अशी सलग आगेकूच त्यांना सापडली नाही. पाऊस बरा झाला की हिरवी कड उत्तरेला जायची, पावसाने ओढ दिली की दक्षिणेला यायची.

तोवर चित्र मात्र ठसून गेलं होतं. शत्रू चाल करून येतोय म्हटल्यावर राज्यकर्त्यांना पहिल्यांदा सुचते ती भिंत. तशी ती सुचली, आणि एका देशाला नव्हे, अनेकांना सुचली.

मला नकाशांचं वेड आहे. रात्री झोप येईना की मी उपग्रहचित्रं मोठी करकरून बघत बसते. त्यामुळे भिंतीचा मोह मी समजू शकते. नकाशावर हिरव्या पेन्सिलीने या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पट्टा ओढला की काहीतरी केल्यासारखं वाटतं. मंत्र्यांना तो फडक्याखालून उघडता येतो, वर्तमानपत्रांना छापता येतो, लांबी सांगता येते. जमिनीच्या बाकीच्या कामांना असलं भाग्य नसतं. ‘यंदा आमच्या मातीत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याने वाढला’ या वाक्यावर सभेत टाळी पडलेली माझ्या तरी ऐकिवात नाही.

अल्जीरियाने १९७० च्या दशकात अशी भिंत घातली. राष्ट्राध्यक्ष हुआरी बूमेदियन यांच्या काळातली ही योजना ‘हरित धरण’ या नावाने ओळखली जाते. मोरोक्कोच्या सीमेपासून ट्युनिशियाच्या सीमेपर्यंत सुमारे १५०० किलोमीटर लांब आणि वीसेक किलोमीटर रुंद असा झाडांचा पट्टा, सहाराच्या उत्तरेच्या तोंडाशी. मनुष्यबळ म्हणून लष्करी सेवेत दाखल झालेली तरुण मुलं. झाड निवडलं ते मुख्यतः एकच, अलेप्पो पाइन. कल्पनेत काही खोट नव्हती. कष्ट तर खरेच होते. पण एकाच जातीची, एकाच वयाची झाडं म्हणजे अळीला दिलेलं आवतण. पाइनवर पडणाऱ्या सुरवंटांनी पट्ट्यातली रोपं फस्त केली. कुठे खाली मातीच इंच-दोन इंच होती, कुठे ज्यांच्या चराईची वाट अडली त्यांनी गुरं तशीच आत घातली. कित्येक ठिकाणी लावलेल्यातलं बरंचसं मेलं. पुढे योजनेत इतर जाती आल्या, चराऊ कुरणांचा विचार आला, म्हणजे भिंतीची हळूहळू भिंत राहिली नाही. ते बरंच झालं.

चीनची हिरवी भिंत या सगळ्यांत मोठी. १९७८ मध्ये सुरू झालेला ‘तीन उत्तर’ (म्हणजे उत्तर, ईशान्य आणि वायव्य चीनमधला) वनपट्टा २०५० पर्यंत चालायचा आहे. ७३ वर्षांची योजना! आपण पाच वर्षांच्या पलीकडे पाहिलं तर डोळे दुखतात. सरकारी आकडे सांगतात की त्या टापूतलं वनाच्छादन ५ टक्क्यांवरून १३ टक्क्यांच्या वर गेलं. २०२४ च्या नोव्हेंबरात तक्लामकान वाळवंटाभोवतीचं ३०४६ किलोमीटरचं हिरवं कडं जुळल्याची बातमी आली. या चिकाटीपुढे कुत्सितपणे बोलणं मला जमत नाही. पण याच पट्ट्यात निंगशियामध्ये पॉपलरच्या अफाट लागवडी भिरुडाने पोखरून संपवल्या, आणि जिथे वर्षाकाठी दोन-अडीचशे मिलिमीटर पाऊस पडतो तिथे तहानेली झाडं लावल्यावर ती जमिनीखालचं पाणी ओढणारच, हेही चिनी संशोधकांनीच लिहून ठेवलं आहे.

गंमत म्हणजे चीनमधलं मला सगळ्यात आवडणारं काम झाडांचं नाहीच. ते गवताच्या काडीचं आहे. निंगशियातच शापोतौ नावाची जागा आहे. बाओतौ ते लान्चौ हा रेल्वेमार्ग १९५८ मध्ये सुरू झाला, तो तिथे वाळूच्या टेकड्यांमधून जातो. रूळ वाळूखाली जाऊ नयेत म्हणून करायचं काय? त्यांनी भाताच्या आणि गव्हाच्या काड्यांचा पेंढा घेतला, वाळूवर एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन आखले, रेघेवर पेंढा आडवा पसरला आणि फावड्याचं बोथट पातं त्याच्या मधोमध दाबलं. काडी वाकून निम्मी वाळूत जाते, निम्मी वर उभी राहते, वीतभर उंचीची. बस्स, एवढंच. शेजारी दुसरा चौकोन, त्याच्याशेजारी तिसरा, टेकडी संपेपर्यंत. वारा येतो तो या वीतभर कुंपणाला अडखळतो, जमिनीलगतचा त्याचा जोर मोडतो, आणि चौकोनाच्या आतली वाळू कडेला सरकून मधे बशीसारखा खोलगा धरते. तिथे धूळ साचते, पावसाचे चार थेंब थांबतात, झुडपाचं बी रुजतं. पेंढा चार-पाच वर्षांत कुजून जातो. तोवर वाळूवर शेवाळं, बुरशी आणि सूक्ष्म जीवांचा एक पातळ काळपट पापुद्रा धरलेला असतो, आणि तो पापुद्रा वाळूला जागच्या जागी बांधून ठेवतो. पायाने सहज मोडेल इतका नाजूक. रेल्वे मात्र चालू आहे.

या पापुद्र्याचं छायाचित्र पाहिल्यापासून भिंत हा शब्द आला की मला तो आठवतो.

कारण जमीन मरते ती बहुतेक वेळा बाहेरून वाळू येऊन नव्हे. संयुक्त राष्ट्रांचा वाळवंटीकरणविरोधी करार १७ जून १९९४ ला पॅरिसमध्ये स्वीकारला गेला (म्हणून १७ जून हा त्याचा दिवस). त्यातली व्याख्या सांगते की वाळवंटीकरण म्हणजे कोरड्या, निमकोरड्या आणि कोरड्या-निमदमट प्रदेशांतली जमिनीची अवनती. कारणं हवामानातल्या बदलांपासून माणसांच्या उद्योगांपर्यंत. वार्षिक पाऊस आणि हवेत उडून जाऊ शकणारं पाणी यांचं गुणोत्तर ०.०५ ते ०.६५ असेल तो प्रदेश या हिशेबात धरायचा. ०.०५ च्या खालची, म्हणजे खरीखुरी वाळवंटं, व्याख्येच्या बाहेर. जे आधीच वाळवंट आहे त्याचं वाळवंटीकरण कसं होणार? म्हणजे ज्या सहाराविरुद्ध भिंती उभ्या राहिल्या त्याचा बराचसा भाग या करारातल्या हिशेबात बसतच नाही. प्रश्न आहे तो शेतांचा, कुरणांचा, माळरानांचा. जिथे माणसं राहतात, पिकवतात, चारतात, आणि जिथे जमीन जागच्या जागी तुकड्यातुकड्याने थकते.

ती कशी थकते ते फार जवळून पाहावं लागतं. उघड्या जमिनीवर पावसाचा टपोरा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने आदळतो. मातीचा कण फुटतो. त्यातली चिकणमाती सुटी होते आणि शेजारच्या बारीक छिद्रात जाऊन बसते. असे लाखो थेंब पडले की वरच्या दोन-चार मिलिमीटरमध्ये मातीची सगळी तोंडं बुजतात. ऊन पडलं की तिथे कडक खपली धरते. पुढचा पाऊस त्या खपलीवरून वाहून जातो, जाताना वरची सुपीक माती घेऊन जातो, आणि खाली दोन बोटांवर माती कोरडीच राहते. पाऊस तितकाच पडला, पर्जन्यमापकात तितकाच भरला, पण त्या शेतापुरता दुष्काळ. त्याच जागी पालापाचोळा, गवत, पिकाचं धसकट, काहीही आच्छादन असतं तर थेंबाचा जोर वरच्या वर जिरला असता. बाकी मग साखळी आहे: गवत कमी म्हणून सेंद्रिय द्रव्य कमी, ते कमी म्हणून माती पाणी धरत नाही, पाणी नाही म्हणून गवत नाही. कुठे चर खणून उताराचा वेग मोडावा लागतो, कुठे नुसती जनावरं दोन पावसाळे बाहेर ठेवली तरी साखळी उलटी फिरते. पाटाच्या पाण्याने चोपण झालेल्या रानाची गोष्ट तर आणखी निराळी. तिथे पाणी जास्त झालं म्हणून जमीन गेली, आणि इलाज आहे निचऱ्याचा.

इतक्या निरनिराळ्या दुखण्यांवर एकच हिरवा पट्टा कसा लागू पडावा?

आइसलँडचं उदाहरण मला यासाठी फार उपयोगी वाटतं, कारण तिथे उंट नाहीत, ऊन नाही, पाऊस-बर्फाला तोटा नाही आणि तरीही देशाचा मोठा भाग उजाड, काळ्या वाळूचा आहे. नवव्या शतकात वस्ती झाली तेव्हा तिथे बर्च झाडांची रानं मुबलक होती. सरपणासाठी, कोळशासाठी ती तुटली. राहिलेल्यावर मेंढ्या चरल्या. ज्वालामुखीच्या राखेची हलकी माती उघडी पडली आणि वाऱ्याबरोबर निघाली. १९०७ मध्ये त्या देशाने मातीच्या धुपेविरुद्ध कायदा करून त्यासाठी सरकारी खातं काढलं. जगातल्या सगळ्यात जुन्या मृदसंधारण खात्यांत त्याची गणना होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांनी अलास्काहून लुपिन आणलं. निळ्या-जांभळ्या तुऱ्यांची ही वनस्पती हवेतला नत्र मातीत आणते, उघड्या वाळूवर उगवते. काम झकास झालं. इतकं झकास, की आता लुपिन मूळच्या झुडुपांवर आणि शेवाळावर चढतं आणि काही ठिकाणी तेच उपटण्याच्या मोहिमा काढाव्या लागतात. फोटोत मात्र फार सुंदर दिसतं, पर्यटक त्यात उभे राहून हसत असतात.

आपल्याकडचं लुपिन म्हणजे वेडी बाभूळ. मेक्सिकोकडचं हे काटेरी झाड एकोणिसाव्या शतकात भारतात आलं. कच्छच्या बन्नी कुरणावर रणाचा खारेपणा पुढे सरकतोय, त्याला थोपवायला म्हणून १९६१ च्या सुमारास वनखात्याने तिथे ते हजारो हेक्टरांवर लावलं. पुन्हा तीच भिंत. बन्नी हे गवताळ राज्य होतं, मालधारी लोकांच्या म्हशी आणि कांकरेज गुरं त्यावर पोसली गेली. वेड्या बाभळीच्या गोड शेंगा गुरांनी खाल्ल्या, बी शेणातून सगळीकडे पोचलं, आणि काही दशकांत निम्म्याच्या आसपास कुरण काट्यांखाली गेलं. तिथले लोक तिला ‘गांडो बावळ’ म्हणतात. उपग्रहातून पाहिलं तर हा सगळा भाग हिरवा! लोकांनीही मग तिचा कोळसा करून पोट भरायला सुरुवात केली, त्यामुळे आता ती काढा म्हणणारे आणि राहू द्या म्हणणारे दोघेही बन्नीतलेच आहेत.

भारताचा एकूण हिशेब इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने केलेल्या नकाशासंग्रहात मिळतो. २०१८-१९ च्या आकड्यांप्रमाणे ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमीन अवनत झालेली आहे, म्हणजे देशाच्या क्षेत्रफळाच्या २९.७७ टक्के. त्याच्या सहा-सात वर्षं आधी हाच आकडा २९.३२ टक्के होता. सगळ्यात मोठं कारण वाळू किंवा वारा नाही. पाण्याने होणारी धूप हे पहिलं, झाडझाडोऱ्याचा ऱ्हास हे दुसरं. राजस्थानातली वाळू स्थिर करण्याचं शास्त्र जोधपूरच्या काझरीने (केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने) १९५० च्या दशकापासून घडवलं आणि ते उत्तम आहे; पण देशाचं मोठं दुखणं पडणाऱ्या पावसाशी आणि उताराशी बांधलेलं आहे. हे धोरणकर्त्यांना माहीत नव्हतं असंही नाही. १९७३-७४ मध्ये अवर्षणप्रवण क्षेत्रांचा कार्यक्रम आला, १९७७-७८ मध्ये वाळवंट विकासाचा, मग पाणलोट, मग एकात्मिक पाणलोट. नावं बदलत गेली, मथळ्याचा रंग बदलत गेला. २०१९ मध्ये ग्रेटर नोएडाला वाळवंटीकरणविरोधी कराराची चौदावी परिषद भरली तेव्हा भारताने २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर जमीन पुन्हा उभी करण्याचं लक्ष्य जाहीर केलं.

लक्ष्य जाहीर होतं तेव्हा मी नेहमी एकच शोधते, की मोजणार काय. खड्डे मोजले तर खड्डे होतात. रोपं मोजली तर रोपं लागतात, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यात पुन्हा लागतात. १९८५ मध्ये पडीक जमीन विकास मंडळ निघालं तेव्हा वर्षाला ५० लाख हेक्टरांवर लागवड करू, असं ठरलं होतं. रोपवाटिकेतून गेलेल्या रोपांचा हिशेब लावायला सोपा. तिसऱ्या उन्हाळ्यात त्यातली किती जिवंत होती हा रकाना मात्र फार कमी तक्त्यांत सापडतो, आणि ज्या जमिनीला कागदावर ‘पडीक’ म्हटलं तिच्यावर आधीपासून कोण चारत होतं, हा रकाना तर बहुधा नसतोच. माळरान हे पडीक रान नव्हे. गवत, त्यावरचे टोळ, तणमोर, माळढोक, लांडगा, धनगरांचे कळप असा तिथला संसार असतो. तिथे ग्लिरिसिडिया लावून ‘हिरवं केलं’ म्हणणं हा माझ्या मते जमिनीच्या अवनतीचाच एक प्रकार आहे, फक्त त्याला अनुदान मिळतं.

महाराष्ट्रातल्या पाणलोटाच्या कामात ‘माथा ते पायथा’ हे तीन शब्द रुळले आहेत, आणि या अवाढव्य विषयात मला त्यांचा आधार वाटतो. आधी डोंगराच्या माथ्यावर चर खणायचे, उतारावर दगडी बांध घालायचे, मग ओघळी अडवायच्या आणि सगळ्यात शेवटी नाल्यावर बंधारा. क्रम उलटा झाला की बंधारा दोन पावसाळ्यांत गाळाने भरतो. क्रम उलटा होतो, कारण बंधारा दिसतो आणि चर दिसत नाही. १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांनी दगड फोडले, नालाबंडिंग केलं, पाझर तलाव बांधले. त्यातून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला. जिथे नंतर कामाचं बरं झालं तिथे नुसती माती हलली नव्हती. विलासराव साळुंखे यांनी पुरंदरच्या नायगावला पाणी पंचायत सुरू केली, तेव्हा पाणी जमिनीच्या मापाने न देता माणशी वाटायचं, आणि त्यावर ऊस घ्यायचा नाही, असा नियम घातला. हिवरे बाजारला कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी झाली, शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई झाली. अडवलेल्या पाण्यावर हक्क कुणाचा आणि हात आखडायचा कुणी, हे आधी ठरलं. हे ठरवणं कुठल्याही जेसीबीला येत नाही.

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरची गोष्ट याच्याच जातीची आहे, आणि ती मी कितीही वेळा वाचू शकते. वसाहतीच्या काळापासून तिथे कायदा असा, की झाड सरकारचं. शेतातलं झाडसुद्धा. तोडलं तर दंड. मग शेतकरी काय करणार? झाड मोठं होऊच द्यायचं नाही. कोंब आला की पेरणीआधी साफ. १९८० च्या सुमारास टोनी रिनॉडो हा तरुण ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ एका मिशनतर्फे माराडी भागात आला. तो रोपं लावायचा आणि ती मरायची. १९८३ मध्ये एकदा तो रोपांनी भरलेली गाडी घेऊन जात होता. वाळूत चालवायची म्हणून टायरमधली हवा कमी करायला उतरला, आणि त्याचं लक्ष बाजूच्या एका खुरट्या झुडपाकडे गेलं. पानं निरखली तर ते झुडूप नव्हतंच. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यातून आलेले ते फुटवे होते. तसले बुंधे त्या माळावर नजर जाईल तिथवर होते. खाली मुळं जिवंत, खोल पाण्यापर्यंत पोचलेली. जंगल होतंच, दरसाल छाटलं जात होतं इतकंच. त्यानंतरचं काम अगदी साधं: चार-पाच चांगले फुटवे ठेवायचे, बाकीचे काढायचे, वरची फांदी सरपणाला न्यायची. पण ते शेतकऱ्याने का करावं? झाड त्याचं असेल तरच. वनरक्षकांनी दंड करणं हळूहळू सोडलं. कायद्याने कबूल करायला २००४ उजाडलं. माराडी आणि झिंडरच्या पट्ट्यात सुमारे ५० लाख हेक्टरांवर अशी झाडं उभी राहिली, अंदाजे वीस कोटी. एकही रोपवाटिका नाही. हे उपग्रहचित्रांतून बाहेरच्यांच्या लक्षात आलं तेव्हा वीसेक वर्षं उलटली होती. नायजर आणि नायजेरियाच्या सीमेवरचा तो भाग मी कितीदा पाहिला असेल. ज्या बाजूला पैसा कमी, पाऊस कमी, त्याच बाजूला झाडांचे ठिपके दाट.

शेजारच्या बुर्किना फासोत याच काळात याकूबा सावादोगो नावाचा शेतकरी खपली धरलेल्या जमिनीत कोरड्या दिवसांतच खड्डे घ्यायला लागला होता. ‘झाय’ ही तिकडची जुनी रीत. त्याने खड्डा थोडा मोठा केला, वीत-दीड वीत रुंद, आणि त्यात शेणखत घातलं. खताच्या वासाने वाळवी येते, माती भुसभुशीत करते, बिळं पाडते. पहिला पाऊस त्या बिळांतून खाली उतरतो. ज्वारी-बाजरी खड्ड्यात उगवते, आणि खतातून आलेलं झाडांचं बीही. गावाने त्याला वेड्यात काढलं, त्याचं रान कुणीतरी पेटवूनही दिलं. त्याने पुन्हा खड्डे घेतले. २०१८ मध्ये सावादोगो आणि रिनॉडो या दोघांनाही राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. तोवर जवळच्या वाहिगुया शहराची हद्द वाढत त्याच्या रानापर्यंत आली होती आणि सरकारी आखणीत त्या रानाचे भूखंड पडले होते. २०२३ च्या डिसेंबरात तो गेला.

म्हणून सरकारने यात पडूच नये का? तसं मला वाटत नाही. असल्या गोष्टी वाचून ‘लोक करतात, सरकार बिघडवतं’ असं म्हणायची एक फॅशन आहे, ती सोयीची आहे. १९३५ मध्ये अमेरिकेच्या मैदानी मुलखातली माती ढगांसारखी उठून पूर्व किनाऱ्यापर्यंत जात होती, तेव्हा एकेकट्या शेतकऱ्याच्या हातात काही उरलं नव्हतं. ह्यू बेनेट हा मृदाशास्त्रज्ञ सिनेटच्या समितीपुढे बोलायला उभा होता, आणि धुळीचं वादळ राजधानीकडे येतंय हे ठाऊक असल्याने तो मुद्दाम लांबण लावत होता, असं सांगतात. खिडकीबाहेर दिवस अंधारला आणि मतं फिरली. त्या एप्रिलमध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांची मूळ कल्पना कॅनडापासून टेक्सासपर्यंत शंभर मैल रुंदीच्या वनपट्ट्याची होती. म्हणजे त्यांनाही भिंतच सुचली होती. प्रत्यक्षात उतरल्या त्या शेताशेताच्या बांधाला लावलेल्या झाडांच्या रांगा, १९४२ पर्यंत सुमारे २२ कोटी झाडं. पुढे फिरतं तुषारसिंचन आलं, त्याच्या लांब हाताला रांगा आडव्या यायला लागल्या, आणि त्यातल्या बऱ्याच तुटल्या. टिकलं ते दुसरंच काही. शेतकऱ्यांनी आपल्यातून मंडळ निवडायचं आणि आपल्या भागाच्या मातीचा कारभार पाहायचा, अशी मृदसंधारण जिल्ह्यांची व्यवस्था. असे जवळपास तीन हजार जिल्हे आजही आहेत. कायदा, पैसा आणि माहिती वरून आली, निर्णय खाली राहिला.

चीनच्या लोएस पठारावर तर सरकारशिवाय काही झालंच नसतं. पिवळ्या नदीला पिवळी करणारी ती माती, आणि उतारावर नांगरट करून जगणारी गरीब गावं. १९९९ पासून सरकारने उतारावरची शेती सोडणाऱ्यांना धान्य आणि रोख रक्कम दिली. पायऱ्यांची शेतं झाली, शेळ्या बांधून ठेवल्या गेल्या. नदीतून वर्षाला १६० कोटी टन गाळ जायचा, तो वीस-तीस कोटी टनांवर आला (त्यात धरणांचाही वाटा आहे). हे छोटं यश नव्हे. फक्त ‘शेळ्या बांधल्या’ हे दोन शब्द वाचताना मी थांबते. जगातल्या जवळजवळ प्रत्येक राष्ट्रीय आराखड्यात पहिला आरोपी चारणारा असतो. चीनच्याच आतल्या मंगोलिया या प्रांतातून ‘परिसराच्या हितासाठी’ म्हणून पशुपालक कुटुंबं हलवून गावांत वसवली गेली. नांगर आला त्याच्या आधी हीच माणसं तिथे शतकानुशतकं चारत होती, एका जागी थांबत नव्हती म्हणून गवत टिकत होतं. कुंपणं घालून त्यांना थांबवलं, मग एका जागी चारतात म्हणून दोष दिला. चीनने शेत सोडणाऱ्याला भरपाई दिली, ती मला पटते. भटक्याच्या वाटेची भरपाई कशी मोजायची, हे कुठल्याच आराखड्याला अजून नीट जमलेलं नाही.

आफ्रिकी महासंघाने २००७ मध्ये सेनेगलपासून जिबुतीपर्यंत ८००० किलोमीटरची ‘महान हरित भिंत’ हाती घेतली, तीही आधी झाडांची रांगच होती. आता तिचे चालक स्वतःच सांगतात की भिंत हे नाव तेवढं राहिलंय. काम आहे ते तुकड्यातुकड्यांच्या गोधडीचं, कुठे फुटवे राखणं, कुठे अर्धचंद्राकृती बांध, कुठे विहीर, कुठे कुरण. २०३० पर्यंत दहा कोटी हेक्टरांचं उद्दिष्ट आहे. २०२० च्या आढाव्यात ठरलेल्या पट्ट्यातलं काम चाळीसेक लाख हेक्टरांपर्यंत आलं होतं. नाव मात्र बदलत नाहीत, कारण नावावर पैसा येतो.

२०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून ठरवलं आहे, आणि कराराची सतरावी परिषद त्याच वर्षी मंगोलियात, उलानबातरला ठरली आहे. मंगोलिया म्हणजे जवळजवळ सगळा गवताचा देश. १९९० पर्यंत तिथे पन्नासेक लाख शेळ्या होत्या. सरकारी कळप मोडले, शेळ्यांच्या काश्मिरी (कॅशमियर) लोकरीला बाहेर भाव आला, आणि शेळ्या अडीच कोटींच्या वर गेल्या. इतक्या तोंडांचा भार गवतावर आला. यावर देशाने २०२१ मध्ये जाहीर केलेली राष्ट्रीय मोहीम आहे एक अब्ज झाडांची. मला उत्सुकता आहे ती परिषदेत झाडांच्या आकड्यानंतर शेळ्यांचा आकडा कोण काढतो याची. काढलाच, तर चार शेळ्या कमी करणाऱ्या कुटुंबाला त्यांच्या लोकरीचे पैसे कोण देणार, मऊ स्वेटर घालणारे देणार की नाही, तेही तिथेच विचारायला हवं.